कानाला खडा

कानाला खडा लावण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात काही थोडे आले नाहीत. उसने पैसे देऊन मी तो लावला, निवडणुकीत एका पुढाऱ्याच्या भिंती उधारीवर रंगवून लावला, आणि एकदा स्नेहसंमेलनातल्या नाटकाचे पडदे स्वखर्चाने करूनही लावला. परंतु अलीकडे लागलेला खडा जरा निराळा आहे. तो मी स्वतः लावला नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लावला, आणि अगदी शब्दशः लावला. ‘रॉक’ म्हणजे खडक, एवढे माझ्या मॅट्रिकपुरत्या इंग्रजीलाही समजते.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी दुसरी कादंबरी २०२१ साली निघाली. तिच्यात एक बिघडलेला मुलगा आहे. गावात असून गावात नसलेला, बापाशी न बोलणारा, शेवटी कर्जापायी परागंदा होणारा. तो बिघडला आहे हे वाचकाला चटकन कळावे म्हणून मी एक सोपी युक्ती केली होती. त्याच्या खोलीतून दिवसरात्र इंग्रजी गाण्यांचा धिंगाणा ऐकू येई, असे एक वाक्य टाकून दिले होते. लेखकाला अशी वाक्ये फार उपयोगी पडतात. चित्रात मागचे आभाळ भरायला जसा एक रुंद ब्रश असतो, तशी ती असतात.

२०२४ च्या दिवाळीच्या आधी मी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एका नातेवाइकाबरोबर गेलो होतो. तिथे एका आडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहीत बसलेला तरुण उठून उभा राहिला आणि पाया पडला. नववीत असताना शाळा सोडून गेलेला मुलगा. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाला, असे त्यानेच सांगितले. चहा मागवला. चहा पिता पिता अगदी सहज म्हणाला, “सर, तुमची कादंबरी वाचली. तो मुलगा म्हणजे मी ना?”

या प्रश्नाला आम्हा लेखक मंडळींजवळ एक ठरलेले उत्तर असते. पात्रे काल्पनिक असतात, एकाचे नाक, दुसऱ्याचे डोळे, वगैरे. ते मी दिले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाला, “असू दे सर, राग नाही. पण तुम्ही बैलाचं जू कसं बांधतात त्याची दोन पानं लिहिलीत. सापत्या, जोते, सगळं. आणि तो मुलगा काय ऐकतो, ते एका शब्दात संपवलं. धिंगाणा.”

माझ्यावर आजवर दोन-चार समीक्षकांनी लिहिले आहे. पण इतके नेमके कोणी लिहिले नाही.

त्या क्षणी खरे तर मी त्याला विचारायला हवे होते, “मग तू काय ऐकत होतास रे?” पण शिक्षकाच्या अंगात वीस वर्षांचा शिक्षक मुरलेला असतो. मी म्हणालो, “बरं, मग काय ऐकावं ते लिहून दे. ऐकतो.” जणू काय मीच त्याला गृहपाठ देत होतो! त्याने एक कोरी हिशेबपट्टी उलटी केली, मोबाइलमध्ये बघत बघत बराच वेळ लिहीत राहिला, आणि ती मला दिली. चाळीस नावे होती. एक जुने, एक नवे, परत एक जुने, परत एक नवे, अशी. “नुसती जुनी दिली तर ‘जुनं ते सोनं’ म्हणून तुम्ही सुटाल,” तो म्हणाला, “आणि नुसती नवी दिली तर ‘आजकालच्या पोरांना काय कळतंय’ म्हणून.”

अटी मी माझ्या मीच घातल्या. आठवड्याला एक. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधले काही न गाळता, हातात दुसरे काम न घेता. जेवणानंतर गच्चीवर. आणि प्रत्येक दोनदा.

ज्या काळात या गोष्टी काळ्या तबकडीवर निघत, त्या काळात तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावे. दोन बाजूंची मिळून चाळीसएक मिनिटे. आता तबकडी गेली, बाजू गेल्या, तरी पुष्कळ मंडळी तेवढ्याच मापाचे करत राहिली आहेत. म्हणजे आमच्या शाळेचा एक तास! मुलांनी एक तास हलू नये म्हणून मी किती घसा फोडला आहे. आता मी स्वतः बसलो, तेव्हा कळले की आठव्या मिनिटाला हात खिशाकडे जातो, अकराव्याला पाणी प्यावेसे वाटते, आणि पंधराव्याला शेजारच्या पडवीत कोण आले ते बघायला मान वळते. पहिल्या महिन्यात मला संगीत काही कळले नाही. मागच्या बाकावरच्या मुलांचे दुःख मात्र कळले.

माझे इंग्रजी ही दुसरी अडचण. गाण्यात काय म्हणताहेत याचा पत्ता लागेना. एक शब्द धरावा तोवर चार निसटून जात. अशा वेळी यादीतले पाचवे नाव आले. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज मंडळींची १९७३ सालची ‘द डार्क साइड ऑफ द मून’. हृदयाच्या ठोक्यांनी ती सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. तिच्या पहिल्या बाजूच्या शेवटी एक बाई गाते, आणि तिच्या गाण्यात एकही शब्द नाही. नुसता आकार. कधी रडल्यासारखा, कधी भांडल्यासारखा, कधी थकून बसल्यासारखा. मी ताठ बसलो. चाळीस नावांत हे एक गाणे असे होते की ते जितके त्या इंग्रजांना कळले असेल तितकेच मला कळले. मागाहून वाचले की त्या गायिकेचे नाव क्लेअर टोरी, रविवारच्या एका बैठकीचे तिला ३० पौंड मिळाले होते, आणि त्या गाण्याच्या रचनेत आपलाही वाटा आहे हे मान्य करून घ्यायला तिला २००४ मध्ये कोर्टात जावे लागले. पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि तिचे नाव रचनाकारांत लागले. बत्तीस वर्षांनी! चित्रपटांच्या पाट्या रंगवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना असले काही माहीत असते तर बरे झाले असते.

याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला पैशावरचे एक गाणे आहे. नाणी खुळखुळतात, गल्ल्याची कळ दाबल्याचा आवाज येतो. ते ऐकताना बोटे मांडीवर पडू लागली आणि दर वेळी एक कमी पडे. मोजले तर सात. दुसऱ्या दिवशी शाळेत संगीताच्या सरांना ऐकवले. त्यांनी टेबलावर रूपकाचा ठेका धरला. बसला, पण पुरता बसेना. आपल्या रूपकात पहिल्या मात्रेवर खाली असते, समेची जागाच हलकी. त्यांचा सगळा जोर नेमका पहिल्या मात्रेवर. “सात सात वेगळे असतात,” सर म्हणाले. मग मध्येच गिटारवाला सुटतो तेव्हा गाणे सरळ चारांत येते, तिथे सरांनी हात उचलला आणि “हां, इथं दमला,” असे म्हणून घेतले.

सगळेच आवडले असे मी म्हणणार नाही. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीवर एका गाण्यात सतार आणि तबला आहे, आणि वेष्टनावर तबलजीचे नाव छापले आहे, अनिल भागवत. वारकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस ‘भागवत’ हे नाव वाचून सावरून बसणारच. परंतु ते गाणे मला पाहुण्याने हौसेने नेसलेल्या धोतरासारखे वाटले. कौतुक वाटते, पण कधी सुटेल याची धास्तीही वाटते. त्याच तबकडीतले अगदी शेवटचे गाणे मात्र, ज्यात तंबोऱ्यासारखा एकच स्वर धरून ठेवला आहे आणि बाकी सारे त्याच्यावरून वाहते आहे, ते मी सात-आठ वेळा ऐकले. पुढे ‘क्वीन’ आली. त्या मंडळींचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत होता. आम्ही सहलीला पाचगणीला जातो, मुलांना टेबललँड दाखवतो, घोडे दाखवतो. हे मात्र आम्ही कोणी कधी सांगितले नाही.

आणि एक तबकडी त्या मुलाने सूड म्हणून घातली होती, याबद्दल मला शंका नाही. लू रीड या गायकाने १९७५ साली काढलेली ‘मेटल मशीन म्युझिक’. तिच्यात गाणे नाही, ताल नाही, शब्द नाही. चार बाजू भरून गिटारांचा नुसता प्रतिध्वनी, किंचाळी आणि कल्ला. वेष्टनावर प्रत्येक बाजूची वेळ १६ मिनिटे १ सेकंद छापली होती, आणि चौथ्या बाजूची शेवटची खाच अशी कापली होती की सुई तिच्यात अडकून तोच आवाज कायमचा वाजत राहावा. त्या दिवशी पाऊस असल्यामुळे मी घरातच डबा-स्पीकरवर लावली. दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, बोअरची मोटर कोरडी चाललीय! जळेल, बंद करा आधी!” मी सांगितले की हे संगीत आहे. ती दारात येऊन क्षणभर उभी राहिली, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता मीठ-मोहरी ओवाळण्याच्या बेतात असल्यासारखी आत गेली. अट म्हणजे अट. मी चारही बाजू ऐकल्या. दुसऱ्यांदा ऐकल्या नाहीत, हे इथे कबूल करून टाकतो.

मार्च महिन्यात ‘लेड झेपेलिन’ची चौथी आली, १९७१ सालची. तिच्या शेवटच्या गाण्यात ढोल वाजतो. वाजवणाऱ्याचे नाव जॉन बॉनम. इंग्लंडातल्या एका जुन्या वाड्यात जिन्याच्या तळाशी ढोलांचा संच मांडला होता आणि ध्वनिक्षेपक वर, जिन्याच्या कठड्यापाशी टांगले होते. म्हणून तो आवाज जवळचा असून लांबचा वाटतो, घुमून आल्यासारखा. मी गच्चीवर डोळे मिटून होतो. आणि मला एकदम शेतापलीकडून, रात्री दोनच्या सुमारास, वाऱ्यावर येणारी हलगी ऐकू आली.

आमचा मुलूख तमाशाचा. जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. मी दहा वर्षांचा असताना आमच्या गावच्या जत्रेत तमाशा आला. आमच्या घरात माळ. हरिपाठ चुकत नसे. मी मागच्या दाराने पळालो, बैलगाडीच्या चाकाला टेकून ढोलकी आणि तुणतुणे आणि हलगी ऐकत राहिलो, आणि पहाटे परत आलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते, हातात निरगुडीची फोक घेऊन. पायांवर वळ उठले. ते म्हणत होते, “माळकऱ्याचं पोर, आणि त्या धिंगाण्याला जातंस!”

‘धिंगाणा’ हा शब्द मला कुठून सुचला होता, ते असे तीस-पस्तीस वर्षांनी गच्चीवर कळले. त्या फोकेबद्दल मी वडिलांना पुढे कधी क्षमा केली नव्हती, पहिल्या कादंबरीत ती घालून वाचकांची सहानुभूती मिळवली होती, आणि दुसऱ्या कादंबरीत तीच फोक घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. ते गाणे संपले तेव्हा मी खाली आलो नाही. तसाच बसून राहिलो. इअरफोन कानातच होते, त्यात काही वाजत नव्हते.

इअरफोनवरून आठवले. त्या मुलाचे इअरफोन माझ्या कपाटात आहेत. नववीत तो बाहीतून तार काढून तळहातात घेई आणि गाल टेकल्याचे सोंग करून ऐकत असे. मी ते पकडले, जप्त केले, गेरूच्या डब्याशेजारी ठेवले. पालकांना घेऊन ये म्हटले. पालक आले नाहीत, आणि मग तोही यायचा थांबला. का थांबला, याची चौकशी मी केली नाही. पटावरून नाव कमी झाले. त्याच्याबद्दल मला आणखी एक गोष्ट आठवत होती, आणि ती आठवू नये असे वाटत होते. तो गणवेशाच्या आत एक काळा टी-शर्ट घाली, वरची दोन बटणे उघडी टाकून. त्यावर पांढऱ्या रेघा होत्या, एकीखाली एक, मध्यभागी उसळलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचे प्रदर्शन असते म्हणून आम्ही मुलांना खोडदच्या दुर्बिणी दाखवायला नेले होते. तिथे सगळ्यांच्या देखत मी त्याला विचारले, “ही कोणती डोंगररांग रे? हरिश्चंद्रगड का?” मुले हसली. त्याने बटणे लावून घेतली.

मे महिन्यात यादीत ‘जॉय डिव्हिजन’ आली. १९७९ सालची ‘अननोन प्लेझर्स’. नाव शोधले आणि मोबाइलच्या काचेवर तो टी-शर्ट उगवला.

त्या रेघा डोंगराच्या नाहीत. त्या एका ताऱ्याच्या आहेत. जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला १९६७ साली केंब्रिजला आकाशातून नियमित ठोके ऐकू आले, दर १.३३ सेकंदांनी एक. तो पहिला सापडलेला स्पंदक तारा. पुढे आरेसिबोच्या मोठ्या दुर्बिणीने टिपलेले त्याचे ऐंशी ठोके हॅरोल्ड क्राफ्ट या संशोधकाने एकाखाली एक मांडून १९७० साली आपल्या प्रबंधात आलेख काढला. तो खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला, आणि तिथून पीटर सॅव्हिल या चित्रकाराच्या हाती आला. मुळात तो पांढऱ्यावर काळा होता, त्याने उलटा करून काळ्यावर पांढरा केला. वर ना मंडळींचे नाव, ना तबकडीचे. त्याने काय धाडस केले आहे, हे चित्रकलेच्या मास्तराला सांगायला नको. आणि खोडदला ज्या तीस तबकड्या उभ्या आहेत, ४५-४५ मीटर व्यासाच्या, त्या असलेच तारे ऐकत बसलेल्या असतात. तिथे गेल्यावर मोबाइल बंद ठेवायला सांगतात, ऐकण्यात व्यत्यय नको म्हणून. म्हणजे अख्ख्या पृथ्वीवर तो टी-शर्ट घालायला याहून योग्य जागा शोधून सापडली नसती, आणि मी त्या पोराला बटणे लावायला लावली!

ती तबकडी मी चार वेळा ऐकली. गाणारा इयन कर्टिस नोकरीसाठी अपंगांना कामे मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत बसत असे, त्याला स्वतःला फेफऱ्याचा आजार जडला, आणि १९८० च्या मे महिन्यात त्याने जीव दिला. वय २३. हे वाचल्यावर गाणे जास्त चांगले वाटू नये, पण वाटते. मला त्याची थोडी लाज वाटली.

नव्यांविषयी मला लिहायला थोडे आहे, कारण नवे अजून कानात बसायचे आहे. किंग गिझर्ड नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलांनी २०१७ साली गिटारवर जास्तीचे पडदे बसवून मधले स्वर काढले. त्यांना ते फार मोठे साहस वाटले. आपल्याकडे कोणताही बरा भजनी बुवा ते रोज करतो. ‘द क्युअर’ मंडळींची एक, सोळा वर्षांच्या खंडानंतर १ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाहेर पडली. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटे उलटून गेल्यावर गळा ऐकू येतो. घाई नाही. गाणारा पासष्टीचा, विषय गेलेल्या माणसांचा, त्यात त्याचा थोरला भाऊही. ती मला जुन्यांहूनही जुनी वाटली, चांगल्या अर्थाने. आणि ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’ नावाची सात तरुणांची मंडळी. त्यांची २०२२ सालची तबकडी ४ फेब्रुवारीला निघायची, आणि ३१ जानेवारीला त्यांच्या गायकाने कळवले की मन फार खचले आहे, मी यापुढे तुमच्यात नाही. राहिलेल्या सहाजणांनी ती गाणी जलशात पुन्हा म्हटली नाहीत. नवी रचली. एक मुलगा पटावरून कमी झाला तर काय करावे, याचे उत्तर मला शिक्षण खात्याच्या एकाही परिपत्रकात मिळाले नव्हते. ते असेही असू शकते.

ऑगस्टमध्ये, २०२५ च्या, चाळिसावे नाव संपले. दुसरी आवृत्ती निघत असेल तर ते वाक्य बदलावे म्हणून मी प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, पहिल्याच्या तीनशे प्रती गोदामात आहेत, काळजी नसावी. तेव्हा माझ्या स्वतःच्या प्रतीतच मी पेन्सिलने धिंगाणा खोडला आणि त्या जागी नीट पाच ओळी लिहिल्या. जॉय डिव्हिजन, काळी भिंत, पांढऱ्या रेघा, सगळे. आणि ती प्रत व कपाटातले इअरफोन घेऊन बाजारात गेलो.

पाऊस भुरभुरत होता. क्रेटच्या थप्प्यांमध्ये उभ्या उभ्या त्याने त्या ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या.

“चांगलं लिहिलंय, सर,” तो म्हणाला. “पण तेव्हा मी हे ऐकत नव्हतो.”

“अरे, मग तो टी-शर्ट?”

“तो आठवडेबाजारात घेतला होता. दीडशे रुपयांना. त्यावर कुणाचं काय, मला ठाऊक नव्हतं. चित्र आवडलं होतं.”

चित्र आवडले होते. आणि मी चित्रकलेचा मास्तर.

“मग ऐकत काय होतास?” हा प्रश्न मी शेवटी विचारला.

तो थोडा लाजला. सव्वीस वर्षांचा, दहा माणसांना हुकूम सोडणारा मुलगा, पण लाजला. म्हणाला, मेमरी कार्डात एकच पुरी होती. ‘लिंकिन पार्क’ची ‘हायब्रिड थिअरी’. २००० सालची. त्यात नुसतं ओरडणं आहे, सर. जाणकार लोक हसतात तिला. म्हणून यादीत घातली नाही. तुम्हाला देताना जरा बरी बरी नावं काढली.

“किती वेळाची आहे?”

“अडतीस मिनिटं पण नाही.”

त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, माझ्या पाचही ओळींवर आडवी रेघ मारली आणि बाजूच्या समासात ते नाव लिहिले. अक्षर अजून तसेच आहे, उजवीकडे कललेले. इअरफोन त्याने उलटेसुलटे करून पाहिले. एक बाजू गेली असेल म्हणाला, पण खिशात ठेवले. तेवढ्यात गाडी लागली, आणि तो पावत्या घेऊन धावला.

आज गुरुवार आहे. पाऊस थांबला तर जेवणानंतर गच्चीवर बसेन.